झाडं पांढरी, आकाश काळं: इन्फ्रारेड फिल्म नेमकं काय दाखवते?

पडका वाडा, काळंकुट्ट आकाश आणि बर्फ पडल्यासारखी पांढरी झाडं. किंवा चेर्नोबिलचं ओसाड गाव आणि त्याभोवती गुलाबी जंगल. असे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. खाली ओळ बहुतेक ठरलेली असते: 'डोळ्यांना न दिसणारं जग इथे दिसतं.' वाक्य ऐकायला छान आहे. पण हेच वाक्य तुम्ही सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर मुलाखतीत पहिला प्रश्न येणार: न दिसणारं म्हणजे नक्की काय? भूत, किरणोत्सर्ग की नुसतं हरितद्रव्य?

या लेखात आपण हा प्रश्न सोडवून बघणार आहोत. दृश्यसंस्कृती, पर्यावरण-इतिहास, भूगोल, माध्यमं यांपैकी कुठल्याही विषयात संशोधन करायचा विचार असेल, तर हे उदाहरण कामाला येईल. साधन काय मोजतं आणि आपण त्यावरून काय दावा करतो, यातलं अंतर इथे अगदी स्वच्छ दिसतं.

आधी किरणांची नावं नीट लावून घेऊ

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड सुरू होतं. विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या बाहेर तापमापक ठेवला आणि पारा चढला. तिथून ही गोष्ट सुरू होते.

पण 'इन्फ्रारेड' हा एकच पदार्थ नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

एक, निकट इन्फ्रारेड. 700 नॅनोमीटरच्या लगेच पुढचा पट्टा. इन्फ्रारेड फिल्म एवढ्याच पट्ट्याला प्रतिसाद देते. कोडॅकची एचआयई ही कृष्णधवल फिल्म जवळपास 900 नॅनोमीटरपर्यंत जायची. हा प्रकाश सूर्याकडून येतो आणि वस्तूवरून परावर्तित होतो. म्हणजे ही साधीच फोटोग्राफी, फक्त पट्टा वेगळा.

दोन, औष्णिक इन्फ्रारेड. साधारण 8 ते 14 मायक्रॉन. माणसाचं शरीर, गरम इंजिन, तापलेली भिंत स्वतःहून जे सोडतात ते हे. त्याला थर्मल कॅमेरा लागतो. फिल्मवर अंगाची उष्णता उमटत नाही. उमटली असती तर खोलीच्या तापमानालाच डब्यातली फिल्म धुरकटून गेली असती.

तीन, गॅमा किरण. चेर्नोबिल किंवा फुकुशिमाच्या मातीतलं सीझियम-137 ज्यामुळे ओळखू येतं ते. हे वर्णपटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. इन्फ्रारेडशी त्यांचा संबंध नाही.

म्हणून 'इन्फ्रारेड फोटोत किरणोत्सर्ग दिसतो' असं कुणी लिहिलं असेल, तर ते सरळ चूक आहे. 'इन्फ्रारेड फोटोत भुताची उष्णता दिसते' हेही चूक, आणि ते भुतावर विश्वास आहे की नाही यावर अवलंबून नाही.

मग पानं पांढरी का?

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1910 मध्ये इन्फ्रारेडमध्ये काढलेली निसर्गदृश्यं प्रसिद्ध केली. पानं पांढरी दिसण्याला त्यांच्या नावावरून 'वुड परिणाम' म्हणतात. लाकडाशी त्याचा संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नावामुळे तसा समज होतो.

पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं, हिरवा थोडा परत पाठवतं. 700 नॅनोमीटर ओलांडलं की हरितद्रव्य प्रकाश शोषायचं जवळजवळ थांबतं. आता प्रकाश पानाच्या आत शिरतो. तिथे पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या असतात. पाणी-हवा, पाणी-हवा अशा असंख्य सीमांवर तो आपटत विखुरतो आणि मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो. निरोगी पान निकट इन्फ्रारेडचा निम्म्याच्या आसपास भाग परत पाठवू शकतं. साखरेचा एकेक कण पारदर्शक असला तरी ढीग पांढरा दिसतो, तसंच हे.

हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीमुळे पानं चमकतात, असंही काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं. तो भाग अगदी किरकोळ आहे. मुख्य काम विखुरण्याचं.

आकाश काळं का, याचं उत्तर तुम्ही बारावीत शिकलेले आहात. हवेतलं रॅले विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. 400 नॅनोमीटरच्या तुलनेत 800 नॅनोमीटरला ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून निरभ्र आकाशातून फिल्मकडे फारसं काही येत नाही. स्वच्छ, खोल पाणी निकट इन्फ्रारेड शोषतं, म्हणून तळंही काळं. माणसाच्या त्वचेत हा प्रकाश थोडा आत शिरून परत येतो, त्यामुळे चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात.

आता हे सगळं एका चौकटीत ठेवा. पांढरी झाडं, काळं आकाश, काळं पाणी, मेणाचे चेहरे. भुताच्या गोष्टीला लागणारं सगळं नेपथ्य भौतिकशास्त्राने फुकटात दिलं. आणि हे तुमच्या कॉलेजच्या आवारातही तसंच दिसेल, फक्त ऊन आणि झाडं हवीत.

एचआयईची आभा

जुन्या फोटोंमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. उजळ भागांभोवती धूसर वलय असतं, जणू वस्तूतून प्रकाश पाझरतोय. याचा पानांशी काही संबंध नाही. साध्या फिल्ममध्ये एक थर असतो, जो आरपार गेलेला प्रकाश अडवतो. एचआयईमध्ये तो नव्हता. प्रकाश फिल्ममधून जाऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पट्टीवर आपटायचा आणि परत येऊन आजूबाजूचा भाग उजळवायचा. यालाच हॅलेशन म्हणतात. जोडीला ठसठशीत ग्रेन.

ही फिल्म हाताळायलाही अवघड होती. कॅमेऱ्यात भरायची ती पूर्ण अंधारात, कारण फिल्मच्या बाहेर आलेल्या टोकातून प्रकाश आतल्या गुंडाळीत शिरायचा. इन्फ्रारेडचा फोकस दृश्य प्रकाशापेक्षा थोडा वेगळ्या जागी पडतो, म्हणून जुन्या लेन्सवर त्यासाठी वेगळी तांबडी खूण असते. गडद फिल्टर लावला की एक्स्पोजर लांबतं, ट्रायपॉड लागतो. चौकटीतून कुणी चालत गेलं तर त्याची नुसती धूसर सावली उरते. हो, तीही भुतासारखीच.

कोडॅकने एचआयई 2007 मध्ये बंद केली. आज मिळणाऱ्या इल्फर्ड एसएफएक्स 200 सारख्या फिल्मची संवेदनशीलता साधारण 740 नॅनोमीटरपर्यंतच जाते आणि एचआयईची ती आभा तिच्यात येत नाही. डिजिटल इन्फ्रारेडमध्ये वलय हवं असेल तर बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये घालावं लागतं. म्हणून फोटो अभ्यासाला घेताना पहिला प्रश्न: फिल्म कुठली, फिल्टर कुठला? 'गूढ वातावरण' असं तुम्ही ज्याला म्हणताय, ते कदाचित फिल्मच्या एका गाळलेल्या थराचं नाव असेल.

झपाटलेली जागा: कशाने झपाटलेली?

इंग्रज छायाचित्रकार सर सायमन मार्सडेन (1948–2012) यांनी आयुष्यभर ब्रिटन, आयर्लंड आणि युरोपातल्या पडक्या, झपाटलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंचे इन्फ्रारेडमध्ये फोटो काढले. 'द हॉन्टेड रेल्म' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक. आज 'भुताचा वाडा' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते घडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांनी आयर्लंडमधल्या मॉयड्रम किल्ल्याचाही फोटो काढला होता. यू2 या बँडच्या 1984 च्या 'द अनफर्गेटेबल फायर' अल्बमच्या मुखपृष्ठासाठी अँटन कॉर्बाइन यांनी त्याच किल्ल्याचा फोटो तसाच कोन आणि तंत्र वापरून काढला, आणि साम्य इतकं होतं की पुढे मार्सडेन यांना भरपाई द्यावी लागली.

हा किस्सा गमतीचा आहे, पण संशोधकाने किल्ल्याकडे बघावं. मॉयड्रम काही शतकानुशतकं हळूहळू ढासळलेला नाही. 1921 मध्ये, आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, आयरिश रिपब्लिकन आर्मीने तो जाळला. तो जमीनदारांचा किल्ला होता. म्हणजे त्या भिंतींमागे वसाहतवाद, जमिनीचा प्रश्न आणि एका ठरावीक वर्षाची आग आहे. इन्फ्रारेड फोटोत यातलं काय उरतं? वेली, ढग आणि एक सनातन उदासी. तारीख पुसली जाते.

हॉन्टिंग या कल्पनेवर मानव्यविद्यांत बरंच लिहिलं गेलंय. देरिदा यांचं 'स्पेक्टर्स ऑफ मार्क्स' (1993) आणि एव्हरी गॉर्डन यांचं 'घोस्टली मॅटर्स' (1997) ही दोन पुस्तकं तुम्हाला वाचावीच लागतील. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे: झपाटणं म्हणजे न मिटलेला हिशोब. कुणाचा तरी अन्याय दाबला गेला आणि तो वर येत राहतो. या अर्थाने 'ही जागा झपाटलेली आहे' हे ऐतिहासिक विधान आहे आणि त्याला पुरावा लागतो. पांढरी पानं हा तो पुरावा नाही, कारण पानं सगळीकडेच पांढरी येतात.

दूषित जागा: तांबडं जंगल फिल्मवर कुठल्या रंगाचं?

आता रंगीत फिल्मकडे येऊ. कोडॅक एरोक्रोम ही हवाई छायाचित्रणासाठीची फिल्म. दुसऱ्या महायुद्धात छद्मावरण ओळखायला जी फिल्म तयार झाली, तिच्या वंशातली. कापलेल्या फांद्या किंवा हिरवा रंग दिलेलं कापड डोळ्याला झाडीसारखं वाटतं, पण निकट इन्फ्रारेड जिवंत पानांइतकं परत पाठवत नाही.

तिचे तीन थर हिरवा, तांबडा आणि इन्फ्रारेड यांना प्रतिसाद देतात. तिन्ही थर निळ्यालाही संवेदनशील असल्याने पिवळा फिल्टर लावून निळा अडवायचा. मग एकेक पायरी सरकते: हिरवं निळं दिसतं, तांबडं हिरवं दिसतं आणि इन्फ्रारेड तांबडं दिसतं. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटेल. उपग्रहाच्या एफसीसी प्रतिमेत झाडी लाल दिसते, ती याच रंगसंकेतामुळे. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवातही अशाच फिल्मने झाली. 1970 च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या गटाने केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे रंगीत इन्फ्रारेड फोटो घेतले. माडांवरचा मर रोग हवेतून ओळखता येतो का, हा प्रश्न होता.

आता चेर्नोबिल. 26 एप्रिल 1986 च्या स्फोटानंतर अणुभट्टीजवळच्या पाइन वृक्षांना इतकी मात्रा बसली की ते काही आठवड्यांतच वाळले आणि सुया विटकरी झाल्या. म्हणून नाव पडलं 'तांबडं जंगल'. पुढे ती झाडं पाडून चरांत पुरली. बर्च मात्र पाइनइतके नाजूक नव्हते, त्यातले बरेच तगले.

इथे एक छोटा व्यायाम करा. ते वाळलेलं जंगल एरोक्रोमवर टिपलं असतं तर कसं दिसलं असतं? पुढे वाचण्याआधी स्वतः ठरवा.

वाळलेल्या सुईत हरितद्रव्य नाही, म्हणजे तांबडा प्रकाश जास्त परावर्तित होतो आणि तो फिल्मवर हिरवा उमटतो. सुरुवातीला इन्फ्रारेडही बरंच परत येत असतं, म्हणून मिश्रण पिवळसर. सुया गळून, सुकून इन्फ्रारेड घटलं की हिरवट-राखाडी. थोडक्यात, 'तांबडं जंगल' या फिल्मवर तांबडं दिसणार नाही. तांबडं दिसेल ते शेजारचं जिवंत जंगल.

आणि आज? तिथे पुन्हा झाडी माजलीय. सीझियम-137 चं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षं, म्हणजे ते मातीत अजून आहेच. पण त्या मातीवर वाढलेलं हिरवंगार पान इन्फ्रारेडमध्ये कुठल्याही हिरव्यागार पानासारखंच झळकतं. फोटो भीतिदायक दिसतो, पण ज्या गोष्टीमुळे ती भीती दिसते, ती प्रत्यक्षात झाडाच्या तब्येतीची खूण आहे.

म्हणून नियम असा: इन्फ्रारेड फिल्म प्रदूषण दाखवत नाही, वनस्पतीचा प्रतिसाद दाखवते. झाडांना इजा झाली असेल तर परावर्तन घटतं. पण ते दुष्काळाने, किडीने, क्षारांनी किंवा जड धातूंनीही घटू शकतं. कारण कुठलं, ते जमिनीवर जाऊन, नमुने घेऊनच ठरवावं लागतं. दूरसंवेदनवाले याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. पाण्याचंही तेच. गाळ वाढला तर पाणी इन्फ्रारेडमध्ये उजळतं, विरघळलेला पारा मात्र दिसत नाही.

फिल्मवर किरणोत्सर्ग उमटतो, पण वेगळ्या वाटेने

याचा अर्थ फिल्म आणि किरणोत्सर्ग यांचा संबंधच नाही, असं नव्हे. उलट किरणोत्सर्गाचा शोधच फोटोच्या काचेवर लागला. 1896 मध्ये हेन्री बेकरेल यांनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लेटवर युरेनियमचे क्षार ठेवले आणि प्लेट काळवंडली. कॅमेरा नाही, लेन्स नाही, प्रकाशही नाही.

1945 मध्ये कोडॅककडे एक्स-रे फिल्मवर डाग येत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीतले ज्युलियन वेब यांनी माग काढला तो पॅकिंगच्या पुठ्ठ्यापर्यंत. पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीतला. 16 जुलैला न्यू मेक्सिकोत झालेल्या ट्रिनिटी चाचणीची राख दीड हजार किलोमीटरहून दूर येऊन नदीच्या पाण्यात आणि तिथून पुठ्ठ्यात गेली होती. वेब यांनी 1949 मध्ये हे प्रसिद्ध केलं. पद्धतीच्या दृष्टीने हा नमुनेदार तपास आहे: डाग, मग त्याचा क्षय होण्याचा वेग, मग समस्थानिक, मग उगम.

चेर्नोबिलमध्ये अपघातानंतर माहितीपट चित्रित करणारे व्लादिमीर शेवचेन्को यांच्या फिल्मवर पांढरे ठिपके आले. त्यांना आधी फिल्मच सदोष वाटली. ते किरणोत्सर्गाचे व्रण होते. 1987 मध्ये शेवचेन्को यांचं निधन झालं.

आणि फुकुशिमानंतर जपानी कलावंत शिम्पेई ताकेदा यांनी 'ट्रेस' ही मालिका केली. 12 ठिकाणांची माती आणली, प्रकाशबंद डब्यात फिल्मवर पसरली आणि साधारण महिनाभर तशीच ठेवली. ठिकाणं निवडली ती मंदिरं, जुन्या किल्ल्यांच्या आणि लढायांच्या जागा, म्हणजे जिथे जन्ममृत्यूची स्मृती आधीच साठलेली आहे. काही फिल्म जवळजवळ कोऱ्या आल्या, काहींवर चांदण्यांसारखे ठिपके.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही मालिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इथे 'झपाटलेलं' आणि 'दूषित' हे दोन्ही शब्द पुराव्यासकट येतात. स्मृती इतिहासातून येते, ठिपके मातीतून येतात. शिवाय कोऱ्या आलेल्या फिल्मही मालिकेत आहेत. 'काहीच नाही' असं उत्तर येऊ शकतं, म्हणूनच 'काहीतरी आहे' या उत्तराला किंमत आहे. इन्फ्रारेडच्या आभेत ही सोय नाही. ती प्रत्येक वेळी 'आहे' असंच म्हणते.

मग इन्फ्रारेड निरुपयोगी का?

नाही. रिचर्ड मॉस या आयरिश छायाचित्रकाराचं काम बघा. 2010 पासून त्यांनी एरोक्रोम घेऊन पूर्व काँगोत सशस्त्र गट आणि निसर्गदृश्यं टिपली. 'द एन्क्लेव्ह' ही सहा पडद्यांची कलाकृती 16 मिलिमीटर इन्फ्रारेड फिल्मवर चित्रित झाली आणि 2013 च्या व्हेनिस बिएनालेत आयर्लंडच्या दालनात मांडली गेली. डोंगर गुलाबी, सैनिकांच्या आजूबाजूचं गवत गुलाबी.

त्यावर टीका झाली की युद्ध सुंदर करून विकलं जातंय. ही टीका गंभीरपणे घ्यायला हवी. पण बाजू दुसरीही आहे. गुलाबी रंग इथे 'लपलेलं सत्य' म्हणून येत नाही. लष्करी टेहळणीसाठी बनलेलं साधन एका युद्धावर वळवून ते साधनच उघडं पाडलं जातं, आणि या युद्धाचे नेहमीचे फोटो नजरेआड करायची आपली सवय मोडते. हा दावा छायाचित्रणाच्या इतिहासाबद्दल आणि बघणाऱ्याबद्दल आहे, काँगोच्या मातीबद्दल नाही. म्हणून तो टिकतो. तुम्ही टीकेच्या बाजूने असा किंवा मॉसच्या, वाद कुठल्या पातळीवर चाललाय हे ओळखता यायला हवं.

तुमच्या प्रस्तावासाठी

अशा विषयावर लिहायला बसलात तर हे चार प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला: साधन काय नोंदवतं? तरंगलांबी, फिल्म, फिल्टर, डिजिटल असेल तर नंतरची प्रक्रिया. एका परिच्छेदात सांगता आलं पाहिजे.

दुसरा: तुलना कशाशी? त्याच जागेचा साधा फोटो आणि कसलाही इतिहास नसलेल्या जागेचा इन्फ्रारेड फोटो, दोन्ही शेजारी ठेवा. परिणाम दोन्ही इन्फ्रारेड फोटोंत तोच असेल आणि साध्या फोटोत नसेल, तर तो जागेचा नाही, साधनाचा आहे.

तिसरा: दावा कुठल्या प्रकारचा? भौतिक, ऐतिहासिक की सौंदर्यविषयक? तिघांचे पुरावे वेगळे. मातीसाठी मोजणी, वाड्यासाठी कागदपत्रं आणि मौखिक इतिहास, सौंदर्यासाठी बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया आणि समीक्षा.

चौथा: चौकटीबाहेर कोण राहिलं? चेर्नोबिलच्या बंद पट्ट्यात काही म्हातारी माणसं घरी परत येऊन राहिली. फुकुशिमातून बाहेर पडलेल्या लोकांना 'दूषित' म्हणून वागणूक मिळाली. 'निर्मनुष्य', 'शापित' असे शब्द तुमच्या प्रबंधात आले की ते अशा माणसांवर जाऊन बसतात. शब्द वापरायचाच असेल तर कुणी वापरला, कधी वापरला, ते लिहा.

शेवटची गोष्ट शब्दाचीच. 'स्पेक्ट्रम' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ आभास, छायारूप. न्यूटनने तो लोलकाच्या रंगपट्ट्यासाठी घेतला. भुतासाठीचा इंग्रजी शब्द 'स्पेक्टर' त्याच घरातला. त्यामुळे इन्फ्रारेडवर लिहिताना दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळण्याचा मोह होतो, आणि बरेच निबंध तिथेच गोड होऊन संपतात. तुम्ही ते वेगळे ठेवा. आधी तरंगलांबी लिहा, मग भुताकडे वळा. व्हायवात उलट क्रमाने उत्तर द्यायला गेलात तर परीक्षक पहिल्याच वाक्याला थांबवतील.